तीस अंशांची मोकळीक

स्टेअरिंगला मराठीत ‘सुकाणू’ म्हणावे, असा आग्रह भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते अधूनमधून धरतात आणि गॅरेजमधील मंडळी तितक्याच सातत्याने त्याकडे दुर्लक्ष करतात. तथापि पंधरा-वीस वर्षे शेतमाल वाहिलेल्या पिकअपच्या बाबतीत हा शब्द विलक्षण समर्पक ठरतो, कारण सुकाणू फिरवल्यानंतर गलबत वळावयास जसा काही अवकाश लागतो, तसाच तो या वाहनासही लागतो. नव्या मोटारीत चक्र फिरते आणि चाके वळतात. जुन्या पिकअपमध्ये चक्र फिरते, मग त्याखालचा दांडा फिरतो, मग पेटीतील दात एकमेकांना ओळख देतात, मग सांध्यांना निरोप जातो, आणि सरतेशेवटी चाके, त्यांच्या मनात असल्यास, वळतात. मधल्या या निष्फळ फिरण्याला गॅरेजच्या परिभाषेत ‘प्ले’ म्हणतात. इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ नाटक असाही होतो, आणि ज्या प्रयोगात पात्रे अनेक असून प्रत्येकाचा प्रवेश थोडा उशिरा होतो, त्याला हे नाव शोभत नाही असे म्हणता येणार नाही.

या मोकळिकीला कायद्याचीही एका मर्यादेपर्यंत मान्यता आहे, ही गोष्ट बहुतेक चालकांना ठाऊक नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमानुसार स्टेअरिंगच्या चक्रावरील मोकळी हालचाल ३० अंशांहून अधिक असता कामा नये. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे असल्याने ३० अंश म्हणजे त्याचा बारावा भाग, घड्याळात बारापासून एकपर्यंतचे अंतर. आणि चक्राचा व्यास ४० सेंटिमीटर धरल्यास त्याच्या कडेवर हे अंतर साधारण साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे आडव्या पंजाएवढे भरते. एक पंजाभर सूट देणारा कायदा उदारच म्हणावा लागेल. परंतु ज्या पिकअपमध्ये बारापासून थेट दोनपर्यंत काहीच घडत नाही, तिच्या मालकाने सूट घेऊन वर तिच्यावर व्याजही आकारलेले असते. त्याच नियमात स्टेअरिंगच्या सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात अशीही एक अट आहे. रस्त्यावरील एकूण जुन्या पिकअप पाहता ही अट अनेकांनी हेल्मेटसक्तीच्या भावनेने घेतलेली दिसते.

जुन्या पिकअपच्या सर्व दुखण्यांचे मूळ तिला पुढे दोन चाके असण्यात आहे. महाराष्ट्रात कोणत्याही लहान मालवाहू गाडीला ‘टेम्पो’ म्हणण्याची प्रथा ज्या तीनचाकीमुळे पडली, त्या बजाज टेम्पो कंपनीच्या (स्थापना १९५८) वाहनाला पुढे एकच चाक होते, आणि एकुलत्या एका वारसाला जसा वाटणीचा दावा लढवावा लागत नाही, तसा त्या चाकालाही दिशेबाबत कोणाशी वाद घालावा लागत नसे. पुढे चारचाकी आल्या, १९८८ मध्ये टाटामोबाइल आली, त्यानंतर पिकअप या जातीची वाहने गावोगाव दिसू लागली, आणि त्यांच्याबरोबर पुढच्या धुऱ्यावर भाऊबंदकी अवतरली. वळणावर आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळातून जाते व बाहेरचे मोठ्या वर्तुळातून, त्यामुळे दोघांना सारख्याच कोनात वळवून भागत नाही. आतल्या चाकाला थोडे अधिक वळावे लागते, नाहीतर दोहोंपैकी एकाला घासत जावे लागते.

या भाऊबंदकीवरील तोडगा मोटारीच्याही आधीचा, घोडागाडीच्या काळातला आहे. म्युनिकचा बग्गी बनवणारा कारागीर जॉर्ज लांकेन्स्पेर्गर याने दांड्यांची अशी रचना योजली की आतले चाक आपोआप अधिक वळावे; लंडनमध्ये त्याचे पेटंट १८१८ मध्ये त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याने घेतले, जो चित्रांचा व पुस्तकांचा प्रकाशक म्हणून प्रसिद्ध होता. परिणामी जगभरच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ही रचना आजतागायत आकरमानच्या नावाने शिकवली जाते आणि लांकेन्स्पेर्गरचे नाव तळटीपेत सापडले तर सापडते. माल एकाने पिकवावा आणि पट्टीवर नाव अडत्याचे यावे, हा प्रकार पिकअपमधून बाजार समितीत टोमॅटो नेणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष गॅरेजात आकरमानचे नाव निघत नाही. तेथे चालकाची तक्रार निघते, आणि ती नेहमी क्रियापदाच्या रूपात असते. गाडी ‘ओढते’ म्हणजे हात सोडल्यास एका बाजूला जाते; ‘भरकटते’ म्हणजे कोणत्याही एका बाजूला न जाता दोन्हीकडे आळीपाळीने जाते; ‘वॉबल मारते’ म्हणजे ठराविक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात आणि चक्र हातात नाचते; ‘जड झाली’ म्हणजे वळवताना खांदे भरून येतात. यांतील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता गाडी असते, चालक कधीही नसतो. ‘मी हवा तपासली नाही’ किंवा ‘मी दुप्पट माल भरला’ अशी प्रथमपुरुषी वाक्यरचना गॅरेजच्या व्याकरणात अद्याप नोंदली गेलेली नाही.

निदानाच्या पहिल्या टप्प्यावर जी चूक होते, ती इतकी सार्वत्रिक आहे की तिला परंपराच म्हणावयास हवे. दोष हाताला चक्रावर जाणवतो, म्हणून तो चक्राखालीच असणार, असे गृहीत धरून स्टेअरिंगच्या पेटीवर, म्हणजे गिअर बॉक्सवर, संशय घेतला जातो. या पेटीत एक आटे असलेला दांडा असतो, त्यावर नटासारखा एक ठोकळा सरकतो, आणि पुष्कळशा गाड्यांत या दोहोंच्या मधल्या खाचेतून पोलादी गोळ्या फिरत राहतात, जेणेकरून घर्षण कमी व्हावे; ठोकळ्याच्या अंगावरील दात दुसऱ्या एका दातेरी दांड्याला फिरवतात आणि तेथून बळ चाकांकडे जाते. पेटीच्या झाकणावर एक स्क्रू व त्याला जखडणारा एक चेक-नट असतो. हा स्क्रू मानवी मोहाचे एक लहानसे, पण परिपूर्ण स्मारक आहे. तो वरच असतो, पान्याने सैल होतो, पाव फेरा आवळला की प्ले घटतो, आणि पाच मिनिटांत गाडी ‘टाइट’ होऊन बाहेर पडते.

अडचण एवढीच, की कोणतीही गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळ चालते आणि त्यामुळे पेटीतील मधले दातच झिजतात. कडेचे दात, म्हणजे पूर्ण वळणावर उपयोगी पडणारे, जवळपास नवे राहतात. मधल्या झिजलेल्या दातांचा प्ले जावा म्हणून स्क्रू आवळला, की कडेचे न झिजलेले दात एकमेकांत आवळले जातात. मग सरळ रस्त्यावर समाधानकारक वाटणारी गाडी पहिल्याच घाटातील वळणावर चक्र धरून ठेवते आणि वळण संपल्यावरही ते आपणहून परत येऊ देत नाही. खंबाटकीच्या वळणावर हा शोध लागणे शैक्षणिक दृष्ट्या फलदायी असले, तरी त्याची वेळ योग्य नसते. जाणता मिस्त्री या स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावतो. अजाणता मिस्त्री पहिल्यांदा लावतो, आणि दोघांचे बिल मात्र पुष्कळदा सारखेच येते.

खरे निदान गाडीखाली होते, आणि त्याला दोन माणसे लागतात. एकाने चालकाच्या जागी बसून चक्र उजवीकडे-डावीकडे हलके हलवत राहायचे आणि दुसऱ्याने, जो सहसा वयाने सर्वांत लहान आणि अंगाने सर्वांत बारीक असतो, पाठीवर झोपून खाली सरकायचे व एकेका सांध्यावर बोट ठेवून हालचाल कोठे अडते ते पाहायचे. चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याला टाय रॉड म्हणतात. त्याच्या टोकाशी खोबणीत बसलेली एक गोळी असते, तिला बॉल जॉइंट म्हणतात. सांधा निरोगी असेल तर अलीकडचा दांडा हलताच पलीकडचा हलतो. खोबण झिजली असेल तर अलीकडचा हलतो, ‘टक्’ असा आवाज येतो, आणि मगच पलीकडचा जागा होतो. बोटाला हा ‘टक्’ डोळ्यांआधी कळतो. वरच्या माणसाने या वेळी चक्र हळू हलवणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात तो जुन्या हिंदी चित्रपटातील नायकाप्रमाणे, मागे पडद्यावर सरळ रस्ता धावत असतानाही चक्र गरगर फिरवतो, आणि खालून त्याच्या घराण्याविषयी चौकशी होते.

याच सांध्यावर नियमात सांगितलेली रबरी टोपी असते, किंवा असावयास हवी. ही टोपी म्हणजे आतील ग्रीस आत व बाहेरील धूळ बाहेर ठेवणारे लहानसे आवरण. ते फाटले की पावसाळ्यात पाणी व उन्हाळ्यात धूळ आत शिरते, ग्रीसमध्ये मिसळते आणि घासणीच्या पावडरीसारखे काम करू लागते. काही सांध्यांना व किंगपिनला, म्हणजे ज्या उभ्या खुंटीवर पुढचे चाक वळते तिला, ग्रीस भरण्यासाठी बोंडासारखे निप्पल दिलेले असते. त्यावरची वाळलेली माती पुसून, चाक जॅकवर उचलून, ग्रीस गनचे दोन-चार दाब दिले, की फटीतून आधी काळे, मग तपकिरी आणि शेवटी ताजे ग्रीस बाहेर येते. हे पाहण्यात जे समाधान आहे, ते शब्दांत पकडण्याचा प्रयत्न मराठी साहित्याने अद्याप केलेला नाही. चाक न उचलता ग्रीस दिल्यास गाडीचा भार ज्या पृष्ठावर पडतो, नेमके तेच कोरडे राहते. मात्र पुष्कळ पिकअपचे निरीक्षण केले असता असे आढळते, की बंपरला टांगलेली लिंबू-मिरची दर आठवड्याला न चुकता ताजी होते आणि तिच्यापासून हातभर अंतरावरील निप्पलवरचा मातीचा थर मात्र मागील दोन पावसाळ्यांचा असतो. दृष्ट लागण्याचा बंदोबस्त झाला, झिजण्याचा राहिला.

आता हवेचा विषय. टायरमधील हवा ही पिकअपच्या दुरुस्तीतील सर्वांत स्वस्त वस्तू असल्यामुळे तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पुढच्या दोन टायरांत हवा कमी-जास्त असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. दोन्हींत कमी असेल तर स्टेअरिंग जड होते. हवा सतत कमी राहिली तर टायर दोन्ही कडांना झिजतो आणि सतत जास्त राहिली तर मधोमध. पुढची चाके किंचित आत वळलेली ठेवण्याची पद्धत आहे, तिला टो-इन म्हणतात. गाडी पुढे ढकलली जाताना चाके सांध्यांतील सैलपणामुळे थोडी बाहेर फाकतात, आणि आधीच आत वळवलेली असल्याने धावताना समांतर होतात. हे माप काही मिलिमीटरांचेच असते, पण ते चुकले तर टायरचा पृष्ठभाग करवतीसारखा होतो आणि त्यावरून हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट दिशेने फिरवला तर खरखरीत लागतो. अलाइनमेंट करून घेण्याचा सल्ला म्हणूनच योग्य असतो, पण झिजलेले सांधे बदलण्याआधी अलाइनमेंट करणे म्हणजे हलत्या पाटावर बसलेल्या माणसाची जन्मपत्रिका सरळ काढणे होय. आकडे बरोबर येतात, माणूस तेथे राहत नाही.

ओढण्याच्या तक्रारीत रस्त्याचाही वाटा असतो, हे रस्त्याच्या बाजूने कोणी सांगत नाही. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेकडे साधारण २ ते २.५ टक्के उतार दिलेला असतो, आणि भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने प्रत्येक गाडी थोडी डावीकडे झुकणे हे निसर्गाला धरून आहे. ती उजवीकडे ओढत असेल तर मात्र निसर्गाला दोष देता येत नाही. मग पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहावे लागतात, आणि ओढ बाजू बदलत असेल तर गुन्हेगार टायर असतो. काही अंतर चालवून चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेल्यास एक बाजू दुसरीपेक्षा तापलेली आढळली, तर ब्रेक अडकून राहत असल्याचे कळते. या परीक्षेला उपकरण लागत नाही. फक्त हात चटकन मागे घेण्याची तयारी लागते.

थरथरीविषयी चालकांनी विकसित केलेले तत्त्वज्ञान स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बॅलन्सिंग बिघडलेल्या चाकाची थरथर एका ठराविक वेगाच्या पट्ट्यात सर्वांत तीव्र असते आणि त्याच्या पलीकडे कमी होते, या भौतिक सत्यावरून चालकांनी असा निष्कर्ष काढला आहे की गाडी साठला थरथरत असेल तर उपाय ऐंशीला आहे. याच संदर्भात काळ्या मातीच्या प्रदेशातील एक विशेष नोंदवण्यासारखा आहे. शेतातून माल भरून निघालेल्या पिकअपच्या रिमच्या आतल्या बाजूस चिखलाचे गोळे बसतात, उन्हात वाळून विटेसारखे होतात, आणि चाकाच्या एकाच बाजूस चिकटलेली ही वीट हमरस्त्यावर संपूर्ण पुढचा भाग हलवते. अशा गाडीचे बॅलन्सिंग, बेअरिंग आणि कधी कधी मालकी बदलल्याचीही उदाहरणे असली, तरी रोग टॉमीच्या टोकाने खरवडण्याजोगा असतो.

वजनाचा प्रश्न सर्वांत गंभीर असून त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते, कारण त्यात सर्वांचे हितसंबंध गुंतलेले असतात. नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटोच्या साधारण २० किलोंच्या १२० क्रेट भरल्या, तर केवळ टोमॅटोच २,४०० किलो होतात, आणि हौद्याची अधिकृत क्षमता त्याच्या निम्म्याच्या आसपास असलेल्या गाड्याही हे ओझे निमूटपणे वाहताना दिसतात. शेवटच्या क्रेट मागील फाळक्यावर, म्हणजे मागच्या धुऱ्याच्याही मागे, रचल्या जातात. तराजूच्या न्यायाने मागचे पारडे खाली गेले की पुढचे वर येते, पुढच्या चाकांवरील भार घटतो, आणि स्टेअरिंग एकदम हलके लागू लागते. चालक यास सुधारणा समजतो. वास्तविक चाकांनी रस्ता धरलेलाच नसतो, आणि हेडलाइट रस्त्याऐवजी वडाच्या शेंड्यावरील पाखरांना उठवत असतात. यावर उपाय म्हणून मागच्या कमानीत एक जादा पाटा टाकण्याची रीत आहे. त्याने भरलेली गाडी सरळ दिसू लागते आणि परतीच्या प्रवासात रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला मागून उडते.

कमानपाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट, ज्याला सेंटर बोल्ट म्हणतात, अशा ओझ्याखाली आणि यू-बोल्ट सैल राहिल्यास तुटतो. मग धुरा एका बाजूने मागे सरकतो आणि गाडीचे तोंड एकीकडे व चाल दुसरीकडे होते. मागून येणाऱ्याला अशी पिकअप खेकड्यासारखी तिरकी धावताना स्पष्ट दिसते, फक्त आत बसलेल्याला दिसत नाही, कारण तो स्वतःही गाडीबरोबर तिरका झालेला असतो. याची तपासणी सुतळीने होते: पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजायचे आणि सुतळीवरील दोन गाठी जुळतात का ते पाहायचे. संगणकावर चालणाऱ्या अलाइनमेंट यंत्रासमोर उभे राहून खिशातून सुतळी काढणाऱ्या मिस्त्रीकडे पाहून हसणाऱ्या ग्राहकाने, ती सुतळी काय म्हणते हे ऐकून मगच हसावे.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गावाकडे यास ‘पासिंग’ म्हणतात आणि त्या सुमारास गाडीचे सांधे, टोप्या, टायर यांकडे वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईच्या भावनेने पाहिले जाते. याच काळात बहुतेक पिकअप खरोखर दुरुस्त होतात, आणि याच काळात त्या बिघडल्याची तक्रार येते. याचे कारण गाडीत नसून चालकात आहे. वर्षानुवर्षे डावीकडे ओढणारी गाडी चालवून त्याचा उजवा खांदा चक्राला सतत थोडा उजवीकडे धरून ठेवण्यास शिकलेला असतो. प्लेच्या अंतरातून हात आधीच पुढे नेऊन ठेवण्याची कला त्याच्या मनगटात मुरलेली असते. कोणत्या पुलावर चक्र कोणत्या बाजूने सोडायचे, हे त्याला विचार न करता येत असते. दोषाचा निम्मा भाग गाडीतून त्याच्यात कधीच उतरलेला असतो. मिस्त्रीने गाडीतला निम्मा काढला, की माणसातला निम्मा एकटा पडतो आणि सरळ चालणारी गाडी त्याला उजवीकडे ओढणारी वाटते.

म्हणून सांधे बदलून, हवा भरून, अलाइनमेंट करून गेलेला चालक दुसऱ्या दिवशी सकाळीच ‘गाडी उजवीकडे पळते’ असे सांगत दारात उभा राहिला, तर मिस्त्रीने पाना उचलू नये, पेटीवरच्या त्या स्क्रूकडे तर पाहूही नये. त्याला चहा पाजावा आणि आठवडाभराने या म्हणावे.